'आज काय मिळालं?' असं विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवणात आमची घरगुती खानावळ आहे. पर्यटक येतात ते 'सुरमई थाळी आहे ना?' असं विचारतच. नाही म्हटलं की पुढच्या हॉटेलात जातात. म्हणून मग परराज्यातली, बर्फातली का होईना, सुरमई आणायची आणि पापलेट थाळीचा दर जमावा म्हणून त्याची पिल्लं तळायची. मीही तळली आहेत. २०२३ साली राज्य शासनाने चंदेरी पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटचा आहे १३५ मिलिमीटर. त्यानंतर एकदा घरातल्या पापलेटांना पट्टी लावून पाहिली, आणि माझा मलाच राग आला.

किनाऱ्यावर अजूनही रापण, म्हणजे काठावरून माणसांनी ओढायचं लांब जाळं, ओढली जाते. पेडवे, बांगडे, सौंदाळे, मुडदुशे, लेपे, जाळ्यात येईल ते. ओढणाऱ्यांत मासळीचे वाटे पडतात; दोराला हात लावणारा सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. ही ताजी मासळी पाटीत घेऊन बायका भर उन्हात गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात आणि शंभर पावलांवरच्या हॉटेलात बाहेरगावचा मासा शिजतो. पर्यटनाने गावात पैसा आला म्हणतात. त्या पाटीपर्यंत तो किती पोचला?

गेल्या हंगामापासून आम्ही फळ्यावर सुरमई लिहिणं सोडलं. सकाळी या बायकांकडून जे मिळेल ते खडूने लिहितो. त्रिफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं खाऊन माणसं पुन्हा भात मागतात. जून-जुलैत, मासेमारी बंदीच्या काळात, आठळ्या घालून टाकळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, सुक्या गोलम्याची (बारीक कोळंबीची) चटणी आणि सोलकढी. काही गिऱ्हाइकं उठून गेली, पण कारण सांगितल्यावर बरीच बसली.

निवास-न्याहारीची नोंदणी करताना पर्यटन खात्याने मासळी कोणाकडून घेता, हेही विचारावं. मासळीचा आकार फक्त बंदरावर न तपासता हॉटेलांच्या फ्रीजरमध्येही तपासावा. सुरुवात आमच्याकडून करा. आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या वाचकांनो, ताटावर बसताना आधी 'आज काय मिळालं?' असं विचारा.

आपली,
एक खानावळ चालवणारी वाचक, मालवण