भांडी बाजारातील काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये, असे आपण बजावले होते. म्हणून हे पत्र नाशिकच्या भांडी बाजारातील एका तांब्या-पितळेच्या दुकानाच्या मालकांस, एवढ्याच पत्त्यावर लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला, त्या दिवशी मी पहाटेपासून रामकुंडावर होतो. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढत होता आणि आम्हा वृत्तछायाचित्रकारांचे सारे लक्ष नेहमीप्रमाणे दुतोंड्या मारुतीकडे, म्हणजे नाशिककर ज्या मूर्तीवरून पुराची पातळी जोखतात तिच्याकडे, होते. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागेल तसे टिपत राहायचे आणि ते गळ्याशी आले की पहिल्या पानाची निश्चिंती, असा आमच्या व्यवसायातला जरासा लाजिरवाणा हिशेब असतो. पाणी छातीला लागले तेव्हा बाजारात पूर शिरल्याचे कळले, म्हणून मी घाईने आपल्या गल्लीत आलो. गुडघाभर गढूळ पाण्यात ओट्याची पायरी दिसली नाही आणि मी कॅमेऱ्यासह पालथा पडलो.

आपण त्या वेळी माल माडीवर चढवीत होता. हातातला हंडा सोडून आपण मला दंडाला धरून उभे केले. तो हंडा पाण्याबरोबर गेला, हे मला नंतर काकूंकडून कळले. आपण त्याविषयी चकार शब्द काढला नाही.

माडीवर येताच मी कॅमेऱ्याची बॅटरी आणि मेमरी कार्ड काढून ठेवले. भिजलेला कॅमेरा चालू करून पाहण्याचा मोह आवरणे फार अवघड असते, परंतु ओल असताना वीज खेळली तर आतील सर्किट कायमचे जाऊ शकते. काकूंनी तो तांदळाच्या डब्यात पुरण्याचा आग्रह धरला. तांदळाने कॅमेरा वाळतो यावर माझा विश्वास नाही, उलट त्याची भुकटी फटीफटींत शिरते. पण घरात पाणी शिरत असताना ज्या माउलीने वर्षाचे तांदूळ पुढे केले, तिला नाही म्हणणे माझ्याच्याने होईना. अखेर आपल्या पंच्यात गुंडाळून तो डब्यावर ठेवण्याची तडजोड झाली.

मी मात्र मारुतीचे पुढचे छायाचित्र हुकले म्हणून हळहळत होतो आणि दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी, असला हिशेब आपल्याला ऐकवीत होतो. आपण भिंतीवरच्या २००८ आणि २०१९ च्या पुरांच्या खुणांकडे बोट दाखवले आणि म्हणालात, "मारुतीचे फोटो काढायला सारे नाशिक आले आहे. तुम्ही आमची भांडी काढायला लागा."

तासभर मी त्या रांगेत उभा होतो. दुकानापासून जिन्यापर्यंत शेजारी, कामगार, काकू आणि मी. हातोहात घंगाळी, पराती, कळश्या, समया वर जात होत्या. भांडे पुढे देण्याआधी प्रत्येक जण ते उपडे करून आतले पाणी झटकत होता आणि मगच वरच्या हाती देत होता. इतकी वर्षे पुराची छायाचित्रे काढूनही हे मी कधी पाहिले नव्हते, कारण मी नेहमी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून निघून जात असे. माझा हात दोनदा खिशातल्या मोबाइलकडे गेलेला आपण पाहिलात, काकूंना माझ्या जागी उभे केलेत आणि "आता काढा" म्हणालात.

तिसऱ्या पायरीवरून मोबाइलने काढलेले तेच छायाचित्र दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आले. खाली माझे नाव होते. इतक्या जवळून कसे मिळाले, असे कार्यालयात विचारले गेले तेव्हा मी नुसता हसलो. ते हसणे मला तेव्हापासून टोचत आहे आणि हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारणही तेच आहे. ती जागा आपण दिली होती, ती वेळही आपणच निवडली होती.

कॅमेरा दुरुस्त झाला आहे. आपला पंचा धुऊन ठेवला आहे, तरी गंगेच्या गाळाचा रंग त्यातून पुरता गेलेला नाही. येत्या रविवारी तो आणि त्या छायाचित्राची मोठी प्रत घेऊन येईन. वाहून गेलेल्या हंड्याची भरपाई आपण घेणार नाही, हे ठाऊक आहे; म्हणून दुकानातून तसाच एक हंडा मी विकत घेणार आहे. त्याची किंमत मात्र पूर्ण लावावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक वृत्तछायाचित्रकार