आढ्याला झरोका, पण वळचणीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊन तापू लागले की छपरावर बसवायच्या व्हेंटिलेटरच्या जाहिराती जागोजागी दिसू लागतात. वाऱ्यावर फिरणारा चकचकीत घुमट आणि त्यातून वर निघालेले लाल बाण, असे त्यांतले चित्र ठरलेले असते. वर निघालेली ती हवा छपराखाली शिरली कोठून, हे मात्र चित्रात कधीच दाखवलेले नसते. जाहिरातदारांनी गाळलेल्या या अर्ध्या चित्राबद्दलच हे पत्र आहे, कारण त्या अर्ध्यावर विसंबून मी स्वतः फसलो आहे.

आमच्या उतरत्या छपराखालचा पोटमाळा दुपारी इतका तापत असे, की त्याखालच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत बसवत नसे. एका कारागिराच्या सल्ल्याने आढ्याजवळ असा घुमट बसवून घेतला. तो डौलात फिरू लागला, पण खोलीत फरक जाणवला नाही. तक्रार केल्यावर ‘आणखी एक बसवा’ असे उत्तर मिळाले. दुसरे भोक पाडण्यापूर्वी मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो आणि वळचणीपर्यंत सरपटत गेलो, तेव्हा उलगडा झाला. पक्षी व उंदीर येऊ नयेत म्हणून वळचणीखालची फट पूर्वीच फळ्या ठोकून आणि सिमेंट भरून बंद करण्यात आली होती. बाहेर जाण्याची वाट होती, आत येण्याची नव्हती.

यामागचे विज्ञान साधे आहे. तापलेली हवा प्रसरण पावून हलकी होते आणि वर चढते. तिची जागा घ्यायला खालून तुलनेने थंड हवा आत येत राहिली, तरच हा प्रवाह चालू राहतो. खालची आणि वरची वाट यांच्या उंचीतला फरक व आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक यांवर प्रवाहाचा जोर ठरतो. पण तो वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे उंचीतला फरक चौपट केला तर प्रवाह दुप्पट होतो. म्हणून आत येण्याची वाट शक्य तितकी खाली, वळचणीला, आणि बाहेर जाण्याची शक्य तितकी वर, आढ्याला असावी. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असे आपण म्हणतो. हवेचा मार्ग मात्र नेमका तोच आहे.

वाट किती मोठी हवी, याचा एक जुना ठोकताळा आहे. अमेरिकेतील फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने १९४२ मध्ये घालून दिलेल्या किमान बांधकाम-नियमांत तो आढळतो: पोटमाळ्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १/३०० इतकी निव्वळ मोकळी जागा हवेसाठी ठेवावी. पुढे अनेक ठिकाणी १/१५० हे प्रमाण मूळ धरून, जागा वर व खाली नीट वाटलेली असल्यास आणि इतर काही अटी पाळल्यास १/३०० ची सवलत देण्यात आली. हा नियम मुळात थंड हवामानात छपराच्या आतल्या बाजूला साचणाऱ्या दमटपणासाठी होता, उन्हाळ्याच्या उकाड्यासाठी नव्हे, हेही लक्षात ठेवलेले बरे.

३० फूट रुंद व ४० फूट लांब, म्हणजे १२०० चौरस फुटांचा माळा धरू. १/३०० प्रमाणे एकूण ४ चौरस फूट मोकळी जागा लागेल. त्यातली २ वर आणि २ खाली. २० इंच व्यासाचा गळा असलेल्या एका घुमटाचे तोंड सुमारे २.२ चौरस फूट भरते. या हिशेबाने वरची गरज एकाच घुमटात जवळपास भागते, आणि ‘आणखी एक बसवा’ हा सल्ला निदान माझ्यापुरता तरी निरर्थक ठरतो. खालचे २ चौरस फूट दोन्ही बाजूंच्या मिळून ८० फूट वळचणीत पसरले, तर फटीची रुंदी जेमतेम ०.३ इंच होते. जाळीच्या तारा आणि तिरप्या पट्ट्या यांत निम्मी जागा गेली असे धरले, तरी पाऊण इंचाची सलग फट पुरेल. जाळीची छिद्रे सहा मिलिमीटरपेक्षा मोठी नसली की पाखरे व उंदीर बाहेर राहतात. फार बारीक जाळी धुळीने बुजते आणि मग फट असून नसल्यासारखी होते. माळ्याच्या जमिनीवर ग्लासवूल अंथरलेले असेल, तर ते वळचणीपर्यंत रेटून हीच फट आतून बंद केली जाण्याचा प्रकारही सर्रास घडतो.

विजेचा पंखा बसवणे हा सोपा मार्ग वाटतो, पण मला तो धोक्याचा वाटतो. खालून हवा पुरेशी मिळाली नाही की तो खोलीच्या छतातील भेगांतून, दिव्यांच्या भोकांतून घरातलीच हवा ओढू लागतो. वातानुकूलित खोली असेल तर पैसे मोजून थंड केलेली हवा बाहेर जाते. घरात ज्वाळेवर चालणारे पाणी तापवण्याचे उपकरण असेल, तर त्याच्या धुराड्यातून वर जाणारा विषारी वायू उलटा खोलीत येऊ शकतो. आढ्यालगतची सलग फट, घुमट आणि पंखा ही तिन्ही साधने एकाच छपरावर लावण्याची हौसही आवरावी, कारण पंखा वळचणीऐवजी शेजारच्या फटीतून हवा घेतो आणि बाकीचा माळा तसाच कोंदट राहतो.

न्हाणीघराच्या पंख्याची नळी माळ्यातच सोडून दिलेली असेल, तर ती आधी छपराबाहेर काढावी. त्या वाफेचे थंडीत पत्र्याखाली दव होते आणि वासे कुजतात.

मी वळचणीची फट उघडून जाळी लावली. आता फटीशी पातळ कागदाची पट्टी धरली की ती आत ओढली जाते, आणि खोली सूर्यास्तानंतर पूर्वीपेक्षा लवकर निवते. मात्र भर दुपारी फरक थोडाच आहे. तापलेल्या पत्र्याची उष्णता मोठ्या प्रमाणात प्रारणाने थेट खाली येते, आणि वाहती हवा प्रारण अडवू शकत नाही. त्यासाठी पत्र्यावर उष्णता परतवणारा पांढरा रंग किंवा छताच्या वर उष्णतारोधक थर हवाच. जाहिरातींत ‘खोली थंड’ असे जे छापतात, ते एकट्या झरोक्याचे काम नव्हे.

या संदर्भात उत्पादकांकडे एक मागणी आहे. गळ्याचा व्यास ठळक छापला जातो, तसेच जाळी व पट्ट्या वजा जाता उरणारे निव्वळ मोकळे क्षेत्रफळही वेष्टनावर असावे, आणि त्याखाली ‘खालून निदान तेवढीच मोकळी जागा आवश्यक’ ही ओळ त्याच आकाराच्या अक्षरांत असावी. बसवणाऱ्यांनीही शिडी लावल्यावर आढ्याकडे जाण्याआधी वळचणीखाली हात घालून पाहावा आणि तेथे वाट नसेल, तर पत्र्याला भोक पाडण्यापूर्वी घरमालकाला तसे सांगावे.

आपला,
एक वाचक