मॅडम, मोजून पाहिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या, शस्त्रक्रियेला परवा दहा महिने झाले. व्यायाम तर तुम्ही करून घेतलेतच, पण हे पत्र तुमच्या मोजण्याबद्दल आहे.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही माझ्या धडधाकट उजव्या मांडीची ताकद मोजलीत. दुखतोय डावा गुडघा आणि पट्टा उजव्या पायाला का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. १६८ न्यूटन-मीटर, असं तुम्ही फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंत.

नंतरचे पहिले आठवडे आठवले की अजून घशाशी येतं. मी जीव खाऊन जोर लावायचे आणि मांडी हलायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, मीच कमी पडतेय. गुडघ्यात सूज असली की मज्जातंतूच पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, आवरून धरतात, यात तुमचा आळस नाही, हे तुम्ही सांगितलंत. त्या रात्री मी नीट झोपले.

सहाव्या महिन्यात मी एका पायावर उडी मारून दाखवली. दोन्ही पायांचं अंतर जवळजवळ सारखं. टेपने मांडीचा घेरही फारसा कमी भरला नाही. मी मनातल्या मनात खेळाच्या कोर्टवर पोचलेच होते. तुम्ही मात्र मला टेबलाच्या कडेला बसवलंत, गुडघा ९० अंशांत, हात छातीवर, घोट्याच्या वर डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजायचं यंत्र, आणि मागे पक्का बांधलेला पट्टा. गुडघ्यापासून पट्ट्यापर्यंतचं अंतरही मोजलंत, कारण पट्टा थोडा वर सरकला तरी जोराचा आकडा फुगतो. पाच सेकंद ढकलायचं, विश्रांती, पुन्हा. तीनदा.

डावा ११०, उजवा १४६. म्हणजे ७५ टक्के.

उडी कमरेच्या आणि पोटरीच्या जोरावरही निभावून जाते, एकट्या मांडीची परीक्षा तिथे होत नाही, हे मला तेव्हा समजलं. मग तुम्ही पहिलं पान उघडलंत. इतके महिने बसून उजवा पायही उतरला होता. जुन्या १६८ शी ताडून पाहिलं तर डावा जेमतेम ६५ टक्के. बऱ्या पायाशी तुलना करून समाधान मानलं असतं, तर ही खोट दिसलीच नसती. पहिल्या पानावरच्या त्या आकड्याचं मोल मला त्या दिवशी कळलं.

मी रडले, तुम्ही रडू दिलंत. मग शांतपणे २०१६ च्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासाबद्दल सांगितलंत: नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत कमी, दर महिन्यामागे ५१ टक्क्यांनी. मांडीची ताकद दोन्हीकडे सारखी असलेल्यांनाही धोका कमीच. ‘थांबा’ असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. का थांबायचं आणि कुठवर, हे तुमच्या आकड्यांनी सांगितलं.

गेल्या आठवड्यात डावा १५४, उजवा १६६. जुन्या आकड्याशी ताडूनही ९२ टक्के. तुम्ही कागद माझ्याकडे वळवलात आणि काहीच बोलला नाहीत, पण तुमचेही डोळे भरले होते, मी पाहिलं.

मंगळवारपासून हलका सराव सुरू करतेय, तुम्ही आखून दिलाय तेवढाच. महिन्याभराने पुन्हा मोजायला येते.

आपली कृतज्ञ,
डाव्या गुडघ्याची पेशंट