डीएनए रिपोर्ट चुकला तर भरपाई कोणी द्यायची? केंद्रीय विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, स. न. वि. वि.

डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ साली लोकसभेत आले आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले. गुन्हेगारांच्या डीएनए साठ्यावरून त्यावर टीका झाली, ती रास्तच होती. पण लॅबना मान्यतेची सक्तीही त्याच विधेयकात होती. तीही गेली. आज एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घ्यायची की नाही, हे लॅबच्या मर्जीवर.

विदर्भातल्या एका पोटगी प्रकरणात ‘नवरा मुलीचा बाप नाही’ हा नागपूरच्या सरकारी लॅबचा डीएनए रिपोर्ट मायलेकींना मान्य नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्या केंद्रीय लॅबकडून फेरतपासणी करवली. निष्कर्ष तोच निघाला आणि २०१४ मध्ये निकाल लागला. कोर्टात अशी दुसरी संधी मागता तरी येते.

घरात ती नसते. नवरा बायकोला न सांगता पोराच्या गालातून काडी फिरवतो, कुरियर करतो. सॅम्पलची अदलाबदल झाली किंवा एखाद्याच मार्करवरचे (डीएनएतल्या तुलनेच्या ठिकाणावरचे) नैसर्गिक उत्परिवर्तन, म्हणजे आपोआप झालेला बदल, कोणी ओळखले नाही, तर ‘बाप नाही’ असा कागद येतो. घटस्फोटाच्या दाव्यात मुलांची डीएनए चाचणी सर्रास मागू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुण्यातल्या एका प्रकरणात बजावले. पण संसार मोडायला कोर्टाचा हुकूम लागतो कुठे?

मग दाद मागावी तर रिपोर्टखाली बारीक अक्षरांत छापलेले असते, ‘आमची जबाबदारी घेतलेल्या फीपुरती.’ पावती नवऱ्याच्या नावाची. बायको ग्राहक आयोगात गेली तर ‘या बाई आमच्या ग्राहकच नाहीत’ हा लॅबचा पहिला बचाव तयार. ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला मुदत दोन वर्षांची. उशीर माफ होतो, पण कारण पटवावे लागते. ज्या मुलाचे नाव, पोटगी, वारसा पणाला लागतो, ते तोवर बालवाडीत असते.

नवा मसुदा आणाल तेव्हा पैसे कोणी भरले हे न पाहता लॅबला मुलाप्रति उत्तरदायी धरा. फीपुरत्या जबाबदारीची अट रद्दबातल ठरवा. सॅम्पलचा काही भाग जपून ठेवणे आणि वाद झाल्यास दुसऱ्या लॅबकडून स्वखर्चाने तपासून देणे बंधनकारक करा. आईच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय अल्पवयीन मुलाचे सॅम्पल घेणारी लॅब बंद करता आली पाहिजे.

फी वाढेल, अशी ओरड होईल. वाढू द्या.

मसुदा कधी येणार, तेवढे लेखी कळवावे.

आपली,
कौटुंबिक न्यायालयातील एक वकील, पुणे