दऱ्यांचा दर्या कोण करतं?

मा. संपादक,
स. न.

मराठी संकेतस्थळांवर ‘सह्याद्रीच्या दर्या’ असं दिसलं की वाचक टाइप करणाऱ्याला बोल लावतात. पुष्कळदा त्याने ‘दऱ्या’च टाइप केलेलं असतं, मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्रोग्रामने मधलं अदृश्य चिन्ह उडवलेलं असतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या पद्धतीत, ‘दऱ्या’तला हा अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो (कंसात कोड दिले आहेत). एक, ऱ (०९३१) आणि हलन्त (०९४डी). दुसरी युनिकोड २.० पासून चालत आलेली: साधा र (०९३०), हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक (२००डी). जोडक दिसत नाही, पण यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ई२ ८० ८डी असे तीन बाइट खातो. त्यामुळे ‘दऱ्या’ पहिल्या तऱ्हेने १५ बाइटांचा, दुसऱ्या तऱ्हेने १८ बाइटांचा. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं) या दोघांना एक करत नाही, म्हणून साध्या शोधात एक टाकला तर दुसरा सापडत नाही.

जोडक गाळला की र, हलन्त, य उरतात आणि नियमाप्रमाणे रफार चढतो. जोडक युनिकोडच्या ज्या ‘सीएफ’ (मांडणीच्या चिन्हांच्या) वर्गात आहे, त्यातच फाइलीच्या तोंडाशी घुसणारं एफईएफएफ हे चिन्हही आहे. ते नको म्हणून सगळा वर्गच छाटला जातो. इंग्रजीत हे खपून जातं. (आई-बाप-मुलाचं एकत्र इमोजीही याच जोडकाने बांधलेलं असतं, तेही फुटतं.)

प्रोग्रामरांनी छाटणीच्या आधी ०९३०-०९४डी-२००डी या क्रमाच्या जागी ०९३१-०९४डी घालावं. जुन्या साठ्यावर आणि शोधाच्या चौकटीतल्या शब्दावरही हीच बदली चालवावी. उरलेले २००डी आणि २००सी (अक्षरं जुळू न देणारं तसंच अदृश्य चिन्ह) मात्र राहू द्यावेत. ‘वाङ्‌मय’मधला हलन्त सुटा दिसतो तो २००सीमुळे.

इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ्य’साठी शिफ्ट-जे, डी आणि तिरक्या रेघेची कळ, एवढंच. आपल्या मजकुरात काय आहे ते पाहायचं तर बहुतेक एडिटरांत शब्दाच्या शेवटून एकेक बॅकस्पेस मारावा: खाली टिंब असलेला ऱ उरला तर ठीक, साधा र उरला तर जोडक होता.

जोडक आधीच गेलेला मजकूर यंत्राला नुसता कोड पाहून दुरुस्त करता येत नाही. ‘आचार्याला’ बोलावलं ते शिकवायला की स्वयंपाकाला, हे कोणीतरी वाक्य वाचूनच ठरवावं लागतं.

— एक मुद्रितशोधक, पुणे