सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र : शाळेच्या पोरांना पोसायडन दाखवा

माननीय मंत्री महोदय,

नमस्कार साहेब, मी कोल्हापूरचा. गेल्या रविवारी पोरीला घेऊन टाऊन हॉल म्युझियमला गेलो होतो, सीपीआर हॉस्पिटलसमोरची ती जुनी दगडी बिल्डिंग. पोरगी सहावीत आहे, रोमशी व्यापार वगैरे पुस्तकात पाठ झालाय तिचा, आणि समोर काचेत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, ब्राँझचा, वीतभर पण नाही. ती म्हणाली, बाबा, कोल्हापुरात समुद्र कुठाय?

मग मी सांगत बसलो, की सुमारे 2000 वर्षांपूर्वी पावसाळी वाऱ्यावर जहाजं सोपारा, चौल, कल्याणला लागायची, माल घाट चढून वर यायचा, इथं सातवाहनांचा काळ होता आणि पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीला भरलेलं गाव होतं. तिथल्याच टेकाडात 1940 च्या दशकात ही मूर्ती सापडली. मग 1945-46 ला डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित सरांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. शेजारी ब्राँझचा हत्ती आहे, वर स्वार बसलेत, केवढासा पण काय काम! पोरगी अर्धा तास तिथनं हलली नाही.

तिच्या शाळेची सहल यंदा वॉटर पार्कला गेली, गेल्या वर्षी पण तिथंच. पोरांनी भिजावं की, त्याचं काही नाही, पण ब्रह्मपुरी शाळेपासून चालत जाण्याएवढी जवळ आहे आणि वर्गातल्या एकीलाही ते नाव माहीत नाही, हे मला फार लागलं.

म्हणून एकच मागणी आहे. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक वर्गाला वर्षातनं एकदा जवळच्या म्युझियममध्ये न्या, पण रांगेत धरून पंधरा मिनिटांत फिरवून आणू नका, वीस-पंचवीस पोरं, दोन तास, आणि सोबत गोष्ट सांगणारं माणूस. पुरातत्त्व शिकलेली कितीतरी पोरं काम शोधतायत, त्यांना मानधन देऊन उभं करा. मूर्तीची एक प्रतिकृती करून पोरांच्या हातात द्या, वजन कळू दे. हे फक्त कोल्हापूरचं नाही, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती बाहुली आहे, तसलीच एक मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडलीय, धाराशिवच्या पोरांना हे कुणी सांगायचं?

आमची पोरगी परत जायचं म्हणतेय, या वेळी चार मैत्रिणींना घेऊन. त्यांना मी नेतो. बाकीच्या वर्गाचं तुम्ही बघा साहेब.

एक कोल्हापूरकर पालक