पालकमंत्री साहेब, रविवारचे अडीच तास आम्हाला एक रस्ता द्या

मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा यांना,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी बुटीबोरी एमआयडीसीत क्वालिटीला नोकरी करते आणि गेली सहा वर्षं रोड सायकलिंगच्या रेसमध्ये उतरते. स्पॉन्सर नाही, मानधन नाही, सायकल हप्त्यांवर घेतलेली. आमचा सात जणांचा ग्रुप आहे, एक बँकेतला दादा, एक डेंटिस्ट मॅडम, तीन कॉलेजची पोरं, मी, आणि सगळ्यात लहान एक १६ वर्षांची पोरगी जी आम्हा सगळ्यांना मागे टाकते. हे पत्र जास्त करून तिच्यासाठीच लिहून राहिली आहे.

आमचा दिवस सव्वाचारला सुरू होतो. हौस म्हणून नाही, नागपूरचं ऊन आहे म्हणून. एप्रिलमध्ये आठ वाजले की डांबर तापायला लागतं, मे मध्ये साडेसातच्या आत घरी असलेलं बरं आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर बाहेर निघतच नाही आम्ही. मग घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल चढवायची आणि कूलर लावून पॅडल मारायचं, पण कूलरची हवा दमट, घाम वाळतच नाही, फरशीवर पाणी साचतं आणि तेवढ्याच जोरात पॅडल मारलं तरी हार्ट रेट रस्त्यापेक्षा कितीतरी वर जातो. मीठ-साखर-लिंबाच्या दोन बाटल्या संपतात तरी तोंड कोरडंच. त्यामुळे रस्ता लागतोच साहेब, त्याला पर्याय नाही.

मंगळवारी इंटरव्हल असतात, ८ मिनिटं जीव तोडून आणि ४ मिनिटं हळू, असं चार वेळा. गुरुवारी सेमिनरी हिल्सचा चढ दहा-बारा वेळा, कारण आपल्याकडे घाट नाहीच, खऱ्या चढासाठी चिखलदऱ्याला जावं लागतं आणि ते वर्षातून एखादवेळा जमतं. शनिवारी अमरावती रोडने कोंढाळी आणि परत, साधारण १०० किलोमीटर. आठ वाजता घरी, भातावर वरण ओतून खायचं आणि ड्युटीला पळायचं. हे सगळं एकट्याने होतं, त्याची तक्रार नाही.

एकट्याने होत नाही ते ग्रुपमध्ये चालवणं, आणि रोड रेस म्हणजे नव्वद टक्के तेच आहे. चाळीसच्या स्पीडला आपली बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, पुढच्याच्या मागे चिकटून चाललं तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, म्हणून सगळे एका लाइनमध्ये, पुढच्याच्या मागच्या चाकापासून अर्ध्या मीटरवर. दर मिनिटाला पुढचा बाजूला होतो आणि शेवटी जाऊन लागतो. पुढचा ओरडतो खड्डा, गिट्टी, लेफ्ट, आणि मागच्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवायचा, कारण मागच्याला चाकापलीकडे काही दिसतच नाही. सेकंदाला दहा मीटरच्या वर अंतर जातं, टायर २८ एमएमचा. आपल्या सिमेंट रोडच्या दोन स्लॅबमधली फट किंवा रोड आणि गट्टूमधली पायरी, त्या टायरला पाडायला एवढी पुरते.

मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही रिंग रोडवर हीच प्रॅक्टिस करत होतो. समोरून रॉंग साइडने बाइक आली, हेडलाइट बंद. पहिला ओरडला आणि सरकला, दुसरी मी, सरकली, तिसराही सरकला, पोरगी चौथी होती. कॉलर बोन मोडली, प्लेट टाकावी लागली. तीन आठवड्यांनी तिची सिलेक्शन ट्रायल होती, ती हुकली. त्या बाइकवाल्यावर माझा राग नाही हे मनापासून सांगते, तो नाइट ड्युटी करून घरी चालला होता, दुभाजकातला पुढचा कट दोन किलोमीटरवर, त्याचेही हात थरथरत होते आणि दवाखान्यात दुपारपर्यंत तोच बसून होता. रस्ता त्याचाही आहे. म्हणून तर म्हणते की अशी ट्रेनिंग चालत्या ट्रॅफिकमध्ये व्हायलाच नको.

आता मागणी सांगते, एकच आहे. विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक भागात रुंद, दुभाजक असलेले रस्ते आहेत आणि रविवारी पहाटे ते जवळपास रिकामे असतात. त्यातला चार-पाच किलोमीटरचा एक लूप दर रविवारी पहाटे ५ ते ७.३० फक्त सायकलसाठी ठेवा. एम्सकडे जाणारा रस्ता त्यात अजिबात नको, अॅम्ब्युलन्सला एक मिनिटही थांबावं लागू नये. चार तोंडांवर बॅरिकेड आणि दोन ट्रॅफिक हवालदार, बाकी माणसं आम्ही उभी करू, बॅरिकेड उचलून ठेवायचं कामही आमचं. नवा ट्रॅक, नवं स्टेडियम काही मागत नाही. वेलोड्रोम, म्हणजे सायकल रेसचा गोल ट्रॅक, पुण्यात बालेवाडीला आहे, इथून रात्रभराचा प्रवास, आणि तसाही ट्रॅक वेगळा, रोड वेगळा. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे ती योग्यच आहे, तिथे जायची आमची इच्छाही नाही.

रस्ता बंद ठेवणं अशक्य नाही हे जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या वेळी सगळ्यांनी पाहिलं, पाच दिवस जगभरातले रायडर पुणे जिल्ह्यात धावले. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, जवळपास ४,८०० किलोमीटर, एकट्याने १२ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. म्हणजे या उन्हात, या सपाट रस्त्यांवर दम तयार होतो, त्याची शंका नको. पण ती एकट्याची शर्यत आहे, पन्नास जणांत कोपराला कोपर लावून वळण घेणं वेगळं. ते आमच्या पोरांना येत नाही. पुण्या-सांगलीची पोरं लहानपणापासून झुंडीत चालवतात, आमची पोरं स्टेट रेसमध्ये पहिल्यांदाच झुंडीत शिरतात, घाबरून मागे राहतात आणि वारा खाऊन संपतात. पाय कमी पडत नाहीत हो त्यांचे. मी स्वतः पहिल्या तीन रेस अशाच घालवल्या.

तीन महिने करून बघा. नाही जमलं, लोकांना त्रास झाला, तर बंद करा, आम्ही एक शब्द बोलणार नाही.

पोरगी आता ट्रेनरवर बसायला लागली आहे, डॉक्टरांनी रस्त्यावर उतरायलाही हो म्हटलंय. मागच्या आठवड्यात तिच्या आईनं मला विचारलं, ताई, आता कुठे चालवणार तिला? मी म्हटलं विचारून सांगते. तुमच्याकडून जे उत्तर येईल ते त्यांना सांगीन.

आपली,
नागपूरची एक सायकलपटू